रोजचे जगणे आणि पवित्र शास्त्र : खानदेशातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून ही प्रश्नावली तयार झाली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. मात्र एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वचनांचा आशय आमच्या शब्दांत सांगितला आहे, त्यामुळे बायबल शेजारी ठेवून संदर्भ स्वतः ताडून पाहावेत.

१. रोजच्या जगण्यात शास्त्रातून आध्यात्मिक अर्थ शोधायचा, म्हणजे नेमके काय करायचे?

घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे देवाचा काहीतरी गुप्त संकेत आहे आणि तो आपण ओळखला पाहिजे, असा याचा अर्थ पुष्कळ जण घेतात. एसटी चुकली, विहिरीची मोटार जळाली, मुलीचे स्थळ फिसकटले, की लगेच ‘यातून देव काय सांगतो आहे?’ असा प्रश्न सुरू होतो. शास्त्र बहुधा निराळाच प्रश्न आपल्यापुढे ठेवते : या क्षणी तुझ्यासमोर कोण उभे आहे, आणि त्याचे तुझ्याकडे काय येणे आहे? लूक १०:२५–३७ मध्ये शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण. येशू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो आणि उलट त्यालाच विचारतो की वाटेवर पडलेल्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला. लुटारूंनी त्या प्रवाशाला का गाठले, त्यात देवाचा काय हेतू होता, याची चर्चा त्या गोष्टीत कोठेही नाही. जखमेवर तेल आणि द्राक्षारस घातला जातो, जखमी माणसाला उतारशाळेत नेले जाते आणि तेथील खर्च भरला जातो. या प्रश्नावलीतील जवळजवळ सर्व उत्तरे याच दिशेने जातात, हे आधीच सांगितलेले बरे.

२. बायबलमध्ये इतकी पुस्तके आहेत. सुरुवात कोठून करावी?

प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात ६६ आणि कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत. उत्पत्तीपासून सरळ वाचायला घेतलेले पुष्कळ लोक लेवीयाच्या पुस्तकापाशी अडकतात आणि अपराधी वाटून वाचनच सोडून देतात. म्हणून आमचा सल्ला असा की, प्रथम मार्कचे शुभवर्तमान वाचावे; ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान असून त्याचे १६ अध्याय आहेत. त्यानंतर रूथचे चार अध्याय वाचावेत, कारण दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य, सासू-सून आणि सुगी हे सगळे त्यात आहे आणि खानदेशातल्या वाचकाला त्यासाठी टीपा लागत नाहीत. सोबत रोज एक स्तोत्र.

३. आम्ही पहाटे उठून शेतात जातो आणि रात्री थकून झोपतो. वाचायला वेळ कोठून आणायचा?

रोज एक तास वाचलेच पाहिजे, असा नियम शास्त्रात नाही. थोडे वाचून दिवसभर मनात घोळवणे ही ख्रिस्ती परंपरेतील फार जुनी रीत आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवाश्याने वाचन, मनन, प्रार्थना आणि शांतपणे देवाच्या सान्निध्यात राहणे अशा तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. कपाशी वेचताना हात आपले काम करत असतात आणि मन मोकळे असते. सकाळी वाचलेली एक ओळ त्या सरीबरोबर पुढे नेता येते. रात्री अंग टाकण्यापूर्वी दिवस एकदा डोळ्यांपुढून जाऊ द्यावा : कोठे कृतज्ञता वाटली, कोणाशी वाकडे बोललो, उद्या काय सुधारायचे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी हीच सवय आपल्या अनुयायांना लावली होती.

४. घरात आम्ही अहिराणी बोलतो, आजी तर मावचीतच बोलते. शास्त्र प्रमाण मराठीतच वाचले पाहिजे का?

वाचन मराठीतून करावे आणि बोलणे आपल्या बोलीतून करावे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे भाषांतर केले, तेव्हा साध्या, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना ते समजावे हा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह घरात धरावा : उतारा वाचून झाल्यावर आजीने तो आपल्या बोलीत परत सांगावा. जे तिला सांगता येत नाही, ते बहुधा आपल्यालाही समजलेले नसते.

५. शेतीच्या आणि मजुरीच्या कामात आध्यात्मिक असे काय आहे? ते तर पोटासाठी करतो.

पोटासाठी केलेले काम शास्त्राने कधीच हलके मानलेले नाही. मार्क ६:३ मध्ये गावचे लोक येशूला सुतार म्हणूनच ओळखतात, आणि पौल तंबू शिवून आपले पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). कलस्सैकरांस ३:२३ मध्ये काम मनापासून, प्रभूसाठी म्हणून करावे असे सांगितले आहे. ते सांगणे प्रथम दासांना उद्देशून होते, ज्यांच्या कामाची कोणी वाखाणणी करत नव्हते.

मार्क ४:२६–२९ मधला दाखला आम्हांला फार मोलाचा वाटतो. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजले व वाढले ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा देते. पेरणीपर्यंत माणसाचे कष्ट आहेत, पण त्यापुढची वाढ त्याच्या हातात नाही. मृगाची वाट पाहणाऱ्या, जमिनीत बियाण्याचे पैसे घालून आभाळाकडे बघत बसणाऱ्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्यातून येणारी एक गोष्ट आपण विसरतो : शेतकरी रात्री झोपतो. चिंतेने जागे राहिल्याने पीक वाढत नाही, आणि झोपणे हेही विश्वासाचे काम असू शकते (स्तोत्र १२७:२).

६. आमची केळीची बाग आहे, आम्ही मजूर लावतो. मालकाला शास्त्र काय सांगते?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. अधिक लोकांनी विचारावा. अनुवाद २४:१४–१५ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. मजूर आपल्यातला असो वा परदेशी, हा नियम दोघांनाही सारखाच आहे. याकोब ५:४ म्हणते की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो. म्हणून ‘बाजाराच्या दिवशी हिशेब करू’ असे म्हणून मजुरांना दोन आठवडे फिरवणारा मालक रविवारी कितीही तन्मयतेने गात असला, तरी त्याचे आध्यात्मिक जीवन ठीक चालले आहे असे आम्ही म्हणणार नाही.

मत्तय २०:१–१६ मधील द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा बाहेर जातो. शेवटच्या खेपेला उभे असलेले मजूर म्हणतात की कोणी आम्हांला कामाला लावलेच नाही. मजूर अड्ड्यावर दुपार उलटून गेल्यावरही डबा न उघडता थांबलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला त्या उत्तरातील लाज कळेल. धनी त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. हा दाखला प्रथम स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, मजुरीच्या दरपत्रकाविषयी नाही; तरीही येशूने देवाचे औदार्य सांगायला एका घराची चूल पेटण्याइतके पैसे हेच उदाहरण निवडले, याकडे मालकाने दुर्लक्ष करू नये. लेवीय १९:९–१० प्रमाणे शेताच्या कडा आणि सरवा गरिबासाठी सोडायचा असतो. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते तो मालक बवाज या नियमाच्याही पुढे जाऊन आपल्या गड्यांना सांगतो की रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकत जा आणि तिला धमकावू नका (रूथ २:१६).

७. मी गृहिणी आहे. मरिया प्रभूच्या चरणी बसली आणि मार्था स्वयंपाकात राहिली, म्हणून मार्थाला बोल लागला. मग आम्ही काय करायचे?

लूक १०:३८–४२ नीट वाचावे. येशू मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवत नाही. ती पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करते, आणि त्या दगदगीत बहिणीची तक्रार पाहुण्याकडे करते, याविषयी तो बोलतो. मार्थेची कथा तेथे संपतही नाही. योहान ११:२७ मध्ये भावाच्या मृत्यूनंतर येशू हा ख्रिस्त आहे अशी ठाम कबुली ती देते, आणि योहान १२:२ मध्ये ती पुन्हा वाढत असते. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. पुनरुत्थानानंतर येशूने स्वतः किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवली होती (योहान २१:९–१२). तेव्हा चुलीपाशी उभे राहणे हे देवापासून दूर राहणे नाही. घरातल्या पुरुषांनी मात्र या उताऱ्यातून एक प्रश्न स्वतःला विचारावा : मरियेसारखे बसून ऐकायला मिळावे म्हणून घरातल्या बाईच्या हातातले काम आपण कधी घेतले आहे का?

८. अडचणीच्या वेळी डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट ठेवलेले वचन देवाचे उत्तर मानायचे, हे योग्य आहे का?

आम्ही या पद्धतीपासून परावृत्त करतो. तिच्या समर्थनार्थ ऑगस्टीन यांचे उदाहरण दिले जाते : सन ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्यांनी पौलाची पत्रे उघडली, रोमकरांस १३:१३–१४ हा भाग समोर आला आणि त्यांचे आयुष्य पालटले. परंतु त्यापूर्वी बराच काळ ते पौलाची पत्रे वाचत होते, त्यांच्याशी झगडत होते. ते वचन तयार जमिनीवर पडले. गिदोनाने लोकर पसरून खूण मागितली (शास्ते ६:३६–४०), पण काय करायचे ते देवाने त्याला आधीच सांगितले होते. मुलीचे लग्न ठरवावे की नाही, कर्ज घ्यावे की नाही, हे बोटाखालच्या ओळीवर सोपवणे म्हणजे देवाने दिलेली बुद्धी आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला दोन्ही बाजूला ठेवणे होय (नीतिसूत्रे १५:२२).

९. आमच्या भिंतीवर यिर्मया २९:११ लावले आहे : देवाच्या मनात आमच्या हिताच्या योजना आहेत. मुलगा स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा नापास झाला. वचन खोटे ठरले का?

वचन खोटे ठरले नाही; ते ज्यांना लिहिले गेले त्यांच्यापासून आपण तोडून घेतले, एवढेच. हे पत्र बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात ७० वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाण्यापूर्वी परक्या भूमीतच मरणार होते. त्यांना काय करायला सांगितले आहे? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कुशलासाठी झटा व प्रार्थना करा (वचने ५–७). भिंतीवरची पाटी काढू नका. तिच्या शेजारी ही तीन वचनेही लावा. मुलाला ती अधिक उपयोगी पडतील.

१०. वादळात उभी बाग आडवी झाली. नातेवाईक म्हणतात, हे कोणत्या तरी पापाचे फळ आहे. खरे काय?

असे म्हणणाऱ्यांना शास्त्राने तीन ठिकाणी थांबवले आहे. जन्मांधाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही नाकारतो (योहान ९:१–३). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असे विचारून येशूच ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे वळायला सांगतो (लूक १३:४–५). मुलेबाळे, मालमत्ता आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले (ईयोब २:१३), तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या पापाचा शोध सुरू केला, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर न होता त्यांच्यावर झाला (ईयोब ४२:७).

केळीच्या घडांचा पाला होऊन गेलेल्या माणसाने हबक्कूक ३:१७–१८ वाचावे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तेथे म्हटले आहे. पण ही ओळ दुसऱ्याच्या तोंडी घाईने घालू नये. याच हबक्कूकाने पहिल्या अध्यायात ‘परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू?’ अशी उघड तक्रार केली आहे, आणि तीन अध्याय झगडल्यानंतरच तो या ओळीपर्यंत पोहोचला आहे. ज्याचे नुकसान झाले त्याला आधी पहिला अध्याय वाचू द्यावा. भेटायला जाणाऱ्याने उपदेशाऐवजी पंचनाम्याच्या वेळी सोबत उभे राहावे, विम्याची सूचना वेळेत गेली का ते पाहावे, आणि आडवी पडलेली खोडे काढायला दोन हात द्यावेत.

११. प्रार्थना करतो, वाचतो, पण आत काहीच जाणवत नाही. माझा विश्वास संपला आहे का?

जाणवणे आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्तोत्र ८८ अंधारातच संपते. शेवटी आशेची एकही ओळ जोडलेली नाही, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले. एस्तेरच्या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत देवाचे नाव एकदाही येत नाही. राजवाडा, मेजवान्या, हुकूमनामे आणि योग्य वेळी बोलण्याचे धैर्य एवढेच दिसते, आणि तेही पवित्र शास्त्रच आहे. रानात थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले, आणि देवाशी त्याचा संवाद त्यानंतर झाला (१ राजे १९:४–१३).

यातील एक अपवाद महत्त्वाचा आहे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला केवळ आत्मिक कोरडेपणा समजू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते आणि ते मराठीतही बोलतात. डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नाही. एलीयाच्या भाकरीइतकेच तेही देवाच्या व्यवस्थेतले आहे.

१२. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीसाठी गुजरातेत जातो. तेथे मंडळी नाही, रविवारचीही सुट्टी नाही. मग उपासनेचे काय?

याकोब घर सोडून एकटा निघाला, उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपला, आणि त्याच ठिकाणी त्याला कळले की परमेश्वर येथे आहे आणि मला हे माहीत नव्हते (उत्पत्ती २८:१६). दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले तर मी त्यांच्यामध्ये आहे, असे प्रभूने म्हटले आहे (मत्तय १८:२०). तेव्हा पालाबाहेर बसलेली दोन कुटुंबेही मंडळीच आहेत. जाण्यापूर्वी स्तोत्र २३ आणि स्तोत्र १२१ मुलांकडून पाठ करून घ्यावीत, म्हणजे दिवा नसला तरी अडणार नाही.

रविवार मिळत नाही याचा दोष मजुराने स्वतःला लावून घेऊ नये. शब्बाथ माणसासाठी झाला (मार्क २:२७), आणि अनुवाद ५:१४–१५ मध्ये विसाव्याची आज्ञा धन्याला दिली आहे, ती यासाठी की त्याच्या दासदासींनाही विसावा मिळावा. उचल देऊन माणसांना आठवड्याचे सातही दिवस राबवणारा मुकादम आणि त्याच्यामागचा कारखाना या आज्ञेपुढे उत्तरदायी आहेत. गावी राहिलेल्या मंडळीवरही एक जबाबदारी येते : मागे ठेवलेली मुले आणि म्हातारी माणसे यांची विचारपूस.

१३. भाऊबंदांकडे कानबाईचे रोट असतात, शेजारी प्रसाद आणून देतात. घ्यावा की नाही?

या प्रश्नावर मंडळ्यांची मते एकसारखी नाहीत, आणि पौलाच्या काळातही नव्हती. १ करिंथकरांस ८ ते १० हे तीन अध्याय सलग वाचावेत. मूर्तीपुढे ठेवल्याने अन्नाला काही होत नाही, हे पौल मान्य करतो; पण ज्याचे मन दुबळे आहे अशा भावाला तुझ्या खाण्याने ठेच लागत असेल तर खाऊ नको, असे सांगतो. पूजेच्या पंक्तीत भाग घेऊ नये असे म्हणतो (१०:१४–२२). त्याच अध्यायात, कोणी जेवायला बोलावले तर चौकशी न करता पुढे ठेवलेले खावे, मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर त्याच्यासाठी ते टाळावे, असेही सांगतो (१०:२७–२८).

आमचे मत असे आहे : जो घेत नाही त्याने हात जोडून, कमी शब्दांत नकार द्यावा आणि त्या घरी जाणे सोडू नये; लग्नकार्यात, आजारपणात, तेराव्याला तो सर्वांच्या आधी हजर असावा. जो घेतो त्याला दुसऱ्याने पापी ठरवू नये (रोमकरांस १४:३). शेजाऱ्याच्या देवाविषयी वाईट बोलणे तर सर्वथा टाळावे. इफिसच्या दंगलीत तेथील नगरलेखकानेच साक्ष दिली की पौलाच्या सोबत्यांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७).

याला जोडून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, वडील ख्रिस्ती नाहीत आणि त्यांना चैत्रात हाताला धरून सप्तशृंगगडावर न्यावे लागते, तर मुलाने काय करावे. इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागलेला अरामी सेनापती नामान याने अलीशा संदेष्ट्याला जवळजवळ हेच विचारले होते : माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा व्हावी. अलीशाने त्याला कोणताही नियम न घालता शांतीने जाण्यास सांगितले (२ राजे ५:१८–१९). थकलेल्या वडिलांचा हात धरणाऱ्या मुलाला आम्हीही तेवढेच सांगू.

१४. टाळ-मृदंग घेऊन, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजन म्हटले तर चालते का?

चालते. ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन याच वाटेने ख्रिस्ताचे गुणगान केले, आणि त्यांची पदे आजही महाराष्ट्रभर उपासनेत गायिली जातात. स्तोत्र १५० मध्ये वीणा आणि डफाबरोबर झांजाही आहेत.

१५. मी ख्रिस्ती नाही आणि धर्म बदलण्याचा विचारही नाही. तरी वाचू का?

जरूर वाचावे. नीतिसूत्रे, उपदेशक आणि डोंगरावरील प्रवचन (मत्तय ५ ते ७) येथून सुरुवात करता येईल. प्रश्न पडल्यास विचारावेत. प्रश्न विचारल्यामुळे आपण कशाला तरी बांधले गेलो, असे समजू नये. आणि कोणी तसे भासवत असेल तर त्याच्याकडे जाणे थांबवावे.

१६. नवरा मारतो आणि ‘स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे’ हे वचन दाखवतो. पाळकांनीही सहन करायला सांगितले. शास्त्राचे म्हणणे खरोखर हेच आहे का?

नाही. इफिसकरांस ५:२२ च्या आधीचे वचन दोघांनीही एकमेकांच्या अधीन असण्याविषयी आहे, आणि त्याच्या नंतरची वचने पतीला उद्देशून आहेत : ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी पत्नीवर प्रीती कर, तिला स्वतःच्या शरीरासारखे जप (५:२५–२९). कलस्सैकरांस ३:१९ पतीला कठोरपणा करण्यास मनाई करते. १ पेत्र ३:७ तर म्हणते की पत्नीचा मान न राखणाऱ्याच्या प्रार्थनांनाच अडथळा येतो. मधले एक वचन उचलून हात उगारणारा माणूस शास्त्र पाळत नाही. तो त्याचा शस्त्रासारखा वापर करतो. यिर्मयाच्या बाबतीत (प्रश्न ९ पाहा) तोडलेल्या वचनाने निराशा केली. येथे ते जिवावर बेतते.

सहन करणे हाच ख्रिस्ती मार्ग आहे, असे सांगणाऱ्यांनी १ शमुवेल १९:१० वाचावे. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तेथे बसून राहिला नाही. तो निसटला, आणि घरातून पळून जाण्यात त्याच्या पत्नीने, मीखलने, त्याला मदत केली. सुरक्षित ठिकाणी जाणे हे पाप नाही. तातडीचा धोका असल्यास ११२, आणि महिलांसाठीच्या मदतीकरिता १८१ या क्रमांकावर संपर्क साधावा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. पाळकांनी आणि मंडळीच्या वडिलांनी अशा बहिणीला समजूत घालून परत पाठवू नये. तिच्या राहण्याची सोय करावी, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे, आणि समेटाची बोलणी मारहाण थांबल्याची खात्री झाल्यावर, तिची इच्छा असेल तरच सुरू करावीत.